सोलापुरातले सत्तावीस अंश

कलशेट्टी मॅडमसमोर "आज काय उकडतंय" असं म्हणायची सोय नव्हती. म्हटलं की त्या चष्म्यावरून बघायच्या आणि विचारायच्या, "किती?" आपण हसून वेळ मारून न्यायला गेलो तर पुन्हा, "हसू नको. किती?" मग मुकाट उठायचं, प्रयोगशाळेच्या दाराशी टांगलेला थर्मामीटर वाचायचा आणि आकडा येऊन सांगायचा. तो ऐकला की त्या शांतपणे म्हणायच्या, "व्हय, म्हणजे उकडतंयच की."

सोलापुरात उकडतंय हे कळायला थर्मामीटर लागत नाही, हे त्यांना सांगणार कोण? एकदा कॉलेजची तपासणी करायला बाहेरगावची समिती आली होती. समितीचे अध्यक्ष रुमालाने मान पुसत म्हणाले, "तुमच्याकडे फारच गरम होतं हो." आमचे प्राचार्य पंखा वाढवायला धावले आणि मॅडमनी विचारलं, "किती?" अध्यक्ष गोंधळले. मॅडमनी अतिशय नम्रपणे हात दाराकडे केला. आपल्याला बाहेर काढतायत की काय, अशा चेहऱ्याने ते दारापर्यंत गेले आणि तिथे त्यांना थर्मामीटर दिसला. भला माणूस, वाकून वाचून परत आला आणि म्हणाला, "एकेचाळीस." मॅडमनी "थँक्यू सर" म्हणत ते वहीत टिपून घेतलं. प्राचार्य पुढे आठवडाभर आमच्या मजल्यावर फिरकले नाहीत.

मॅडम अक्कलकोटकडच्या. घरी कानडी, कॉलेजात मराठी, आणि शोधनिबंधापुरतं इंग्रजी. कपाळावर विभूतीची बारीक रेघ, अंगावर इरकली साडी, तिच्यावर पांढरा कोट, आणि कोटाच्या खिशात कायम एक भिंग. लग्न केलं नव्हतं. धाकट्या बहिणीबरोबर राहायच्या. रसायनशास्त्र शिकवायच्या आणि उरलेला सगळा वेळ तिसऱ्या मजल्यावरच्या त्या टोकाच्या खोलीत काढायच्या. आम्हा संशोधन करणाऱ्या मुलांना त्यांनी कधी नावाने हाक मारली नाही. ज्याचं जे गाव, तेच त्याचं नाव. मी मोहोळ. माझ्याबरोबरचा शिवाजी करकंबचा, म्हणून तो करकंब. "ए मोहोळ, करकंबला म्हणावं, ग्लास धुऊन ठेव," असं त्या बोलू लागल्या की नव्या माणसाला वाटायचं, इथे रसायनशास्त्र चालतं की एसटीची कंट्रोल रूम.

पहिल्या दिवशी मी विषय समजून घ्यायला गेले तेव्हा त्यांनी फळ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. डबा उघडला आणि कडक भाकऱ्यांची चळत टेबलावर ठेवली.

"एक रेणू म्हणजे एक भाकरी, मोहोळ. मधी कडक चकती, आन कडंला सहा मऊ शेपट्या हायत असं समज. ह्या एकावर एक बसल्या की झाली चळत. वीज ह्या भाकरीतनं खालच्या भाकरीत, तितनं तिच्या खालच्या. सरळ." मग वरची भाकरी उचलून त्यांनी अंगठ्याने दाबली, कडकन तुकडे झाले. "थंड करून घट्ट स्फटिक झाला की असे तडे जात्यात. वीज तितंच अडती. आन लई तापवलं तर चळतच विसकटून पातळ रस होतो, तेचाबी उपयोग न्हाय. आपल्याला मधली अवस्था पायजे. चळत तर हाय, पण अंग मऊ हाय."

डब्याच्या दुसऱ्या कप्प्यात बाजरीच्या भाकऱ्या होत्या. त्यांनी एक ज्वारीची, एक बाजरीची अशी नवी चळत लावली. "दोन जातीच्या चकत्या मिसळल्या तर कदी कदी एकेकीपेक्षा दोघींची मिळून चळत पक्की बसती. कोणती किती घालायची, आन किती अंशाला काय होतंय, एवढंच आपलं काम."

चकत्यांच्या या मधल्या अवस्थेतून, म्हणजे द्रवस्फटिकांतून, पुढे स्वस्त सौरपॅनेल आणि कापडासारखे घडी होणारे टीव्हीचे पडदे बनवायचे बेत जगभर चालले होते, हे मला नंतर वाचून कळलं. त्या दिवशी एवढंच कळलं की मोडलेली भाकरी फुकट जात नाही. मॅडमनी तुकड्यांवर शेंगाचटणी घातली आणि माझ्यापुढे सरकवली.

त्यांची कामाची रीत मात्र जीव काढणारी होती. दोन चकत्यांची पूड काचपट्टीवर शेजारी शेजारी ठेवायची, वर पातळ काच आणि खाली इवलीशी विजेची शेगडी. दोन्ही वितळून मध्यभागी एकमेकींना भेटल्या की त्या मधल्या पट्टीत सगळ्या प्रमाणांची मिश्रणं एकदमच तयार होतात. मग शेगडी हळूहळू निववायची आणि मायक्रोस्कोपमधून बघत बसायचं. हळूहळू म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. मी सुरुवातीला दोन अंशांनी उतरवायला गेले, तर त्यांनी माझं मनगटच धरलं.

"बसू दे की तेला," त्या म्हणाल्या. "तापवताना समदेच पळत्यात. कोण कसं बसतंय ते निवताना दिसतं."

तीन-तीन तास त्या डोळा काढायच्या नाहीत. चहा गार होऊन त्यावर साय धरायची. खाली नुसता काळोख असायचा, कारण द्रव झाला की त्या मायक्रोस्कोपमधून काहीच दिसत नाही. आणि मग कधीतरी त्या काळोखात, बरोबर मधल्या पट्टीत, पाकळ्या उघडाव्यात तसे रंग फुटायचे. दोन्ही कडा अजून काळ्याच आणि मधे चळत बसलेली. अशा वेळी मॅडम मराठी विसरायच्या. "बंतु," त्या पुटपुटायच्या, म्हणजे आलं. आणि मग आम्हाला बघायला बोलवायच्या, ते मात्र लग्नाच्या पंगतीला बोलवावं तसं, रांगेने, कुणालाही न वगळता. शिपाईसुद्धा त्यातून सुटायचा नाही.

त्यांचा आणखी एक नियम होता. खोलीत पाऊल टाकलं की आधी दाराजवळचा थर्मामीटर वाचायचा आणि आपल्या वहीच्या पानावर, तारखेशेजारी, खोलीचं तापमान लिहायचं. दर शनिवारी त्या सगळ्यांच्या वह्या घेऊन बसायच्या आणि पानापानावर सही करायच्या.

आता माझी चूक सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय या मॅडम पुऱ्या होत नाहीत.

मी मोहोळहून एसटीने यायची. गाडी उशिरा, त्यात तीन मजले चढून यायचं, त्यामुळे मी आले की धापा टाकत थेट टेबलाकडेच. वही उघडायची, तारीख लिहायची आणि शेजारी लिहायचं, सत्तावीस. का, तर शाळेपासून जितकी गणितं सोडवली त्यांत खोलीचं तापमान सत्तावीस अंशच धरलेलं. हात आपोआप तेच लिहायचा. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा मनाला जरा टोचलं असेल. पुढे तेही थांबलं. चार पावलांवर थर्मामीटर होता आणि मी महिनोन्‌महिने त्याच्याकडे पाहिलं नाही.

त्या एप्रिलमध्ये माझं अर्धं-अर्धं मिश्रण जमलं. बाकीची मिश्रणं चळत धरायची, पण निवली की एक-दोन दिवसांत स्फटिक होऊन तडकायची. हे एक मात्र फळीवर तसंच मऊ राहिलं. एप्रिल गेला, मे गेला, तरी चळत जागची हलली नाही. वापरताना तापवत बसावं लागणार नाही असा अर्धवाहक आमच्या खोलीत तयार झाला होता. मॅडमनी चारदा तपासला आणि मग माझ्याकडून निबंध लिहून घेतला. त्यात मी लिहिलं, हे मिश्रण खोलीच्या तापमानाला, म्हणजे सत्तावीस अंशांना, महिनाभर टिकतं. निबंध परदेशातल्या चांगल्या नियतकालिकात छापून आला. माझी पीएच.डी. त्याच्यावर उभी होती. मॅडमची प्रोफेसरपदाची मुलाखत फेब्रुवारीत होती आणि त्यांच्या अर्जातही तोच निबंध सगळ्यात वर होता.

दिवाळीनंतर पत्र आलं. थंड देशातल्या एका प्रयोगशाळेने अगदी सभ्य भाषेत कळवलं होतं की तुमचं मिश्रण आम्ही तीनदा बनवलं, तिन्ही वेळा दुसऱ्या दिवशी त्याचा स्फटिक झाला. आमचं काही चुकतंय का?

करकंब म्हणाला, "तेंचंच सँपल अशुद्ध असंल की, मॅडम."

 मॅडमनी फळीवरची माझी एप्रिलमधली काचपट्टी मागितली आणि मायक्रोस्कोपखाली ठेवली. खूप वेळ बघितलं. मग बाजूला सरकून मला बघायला लावलं. सगळीकडे तडे होते. सोलापुरात थंडी पडली होती आणि आमचंही मिश्रण तडकलं होतं, फक्त मे महिन्यानंतर त्याच्याकडे बघायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

"वही आण," त्या म्हणाल्या.

त्यांनी पानं उलटायला सुरुवात केली. एप्रिल, सत्तावीस. एप्रिल, सत्तावीस. मे, सत्तावीस. त्या वर्षी मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलांना चिकटत होतं. 

"मोहोळ, हे बघून लिव्हलं का?"

आणि मी खोटं बोलले. "एसी चालू असायचा, मॅडम." एसी शेजारच्या यंत्रांच्या खोलीत होता आणि माझी काचपट्टी बाहेरच्या फळीवर, हे त्या खोलीतल्या झुरळालाही माहीत होतं. करकंब खाली बघू लागला.

मॅडम म्हणाल्या, "बरं. मग तसंच तेंना कळवू. उद्या तूच लिहून आण." वही मिटली, माझ्या हातात दिली, आणि त्या वर्गावर निघून गेल्या.

त्या संध्याकाळी मी घरी कागद घेऊन बसले. "नमुने वातानुकूलित खोलीत ठेवले होते" हे एक वाक्य लिहायचं होतं. मी ते लिहू शकले नाही. सकाळी पहिली गाडी पकडली आणि मॅडमच्या आधी दारात जाऊन उभी राहिले. त्या जिना चढून आल्या, थर्मामीटर वाचला, आणि मग माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं. 

"मला कालच कळलं होतं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, बसू द्यावं जरा."

मी म्हणाले की सगळा दोष माझा आहे, माझी पीएच.डी.ची नोंदणी रद्द होईल का? त्यांनी माझ्या हातातली वही घेतली आणि एका पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तिथे त्यांची सही होती. पुढच्या पानावरही होती. "सोलापुरात मे महिन्यात सत्तावीस. आन मी सही करत गेले की. तू वाचलं न्हाईस, मीबी वाचलं न्हाय."

पत्र आम्ही दोघींनी मिळून लिहिलं. माझी चूक मी माझ्या शब्दांत लिहिली. त्यांनी ती सौम्य करू दिली नाही आणि जास्त काळीही करू दिली नाही. त्याखाली त्यांनी स्वतःचं एक वाक्य घातलं, की प्रत्येक पानावर माझी सही आहे आणि मी ती न वाचता केली. करकंबने शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "मुलाखत झाल्यावर पाठवू की, मॅडम. दोन महिन्यांत काय बिघडतंय?"

"दोन महिनं तिकडं कुणीतरी आपलं बघून मिश्रण बनवत बसंल की, करकंब," त्या म्हणाल्या आणि पत्र पाठवलं.

नियतकालिकात दुरुस्ती छापून आली. संशोधन समितीपुढे मॅडम माझ्याबरोबर आल्या, माझ्या आधी स्वतः बोलल्या, आणि माझी नोंदणी वाचली. एक वर्ष वाढवून मिळालं, इतकंच. मुलाखतीत त्यांना विचारलं, तुमचा सर्वांत महत्त्वाचा निबंध कोणता? त्यांनी दुरुस्तीचं पान पुढे केलं. परत आल्या तेव्हा आम्ही दोघं दारातच उभे होतो. "न्हाय झालं," एवढं बोलून त्यांनी पिशवी खुंटीला अडकवली. "आजची स्लाइड बघितली का?" त्या प्रोफेसर कधीच झाल्या नाहीत. त्या गोष्टीची आठवण त्यांनी मला एकदाही, रागावल्या तेव्हाही, करून दिली नाही. मला मात्र ती रोज होते, आणि व्हायलाच हवी.

त्या थंडीत आम्ही पुन्हा पहिल्यापासून काम केलं. अकरा प्रमाणांची अकरा मिश्रणं बनवली, प्रत्येकाच्या दोन काचपट्ट्या. मी रोज दारात थांबून थर्मामीटर वाचायची, मॅडम येऊन पुन्हा वाचायच्या, आणि मगच सही. सोलापूरच्या थंडीवर त्यांचा भरवसा नव्हता. "आपला जानेवारी म्हणजे तेंचा उन्हाळा," म्हणत एकेक पट्टी त्यांनी रसायनांच्या फ्रिजमध्येही ठेवली. एकेक करून मिश्रणं तडकत गेली. शेवटी एकच उरलं, ज्यात एका चकतीचे दोन वाटे आणि दुसरीचा एक वाटा होता. त्यातली वीज अर्ध्या-अर्ध्या मिश्रणापेक्षा थोडी कमी वाहायची, पण ते तडकत नव्हतं. एक महिना झाला. मॅडमनी फ्रिजमधली पट्टी काढली, पुसली, डोळा लावला, आणि मी "बंतु" ऐकायची वाट बघत राहिले.

"बरलिल्ला," त्या म्हणाल्या. म्हणजे आला नाही, स्फटिक आला नाही. आयुष्यभर काहीतरी यायची वाट बघितलेल्या बाईंना काही न येण्याचा इतका आनंद झालेला मी तेव्हाच पाहिला. मग शिपायापासून सगळ्यांना रांगेने बोलावणं झालं. तो निबंध साधा होता, कुणी डोक्यावर घेतला नाही. पण त्या थंड देशातल्या लोकांनी तेच मिश्रण बनवून बघितलं आणि दोन ओळींचं पत्र पाठवलं की आमच्याकडेही टिकलं. ते पत्र मॅडमनी थर्मामीटरच्या खाली चिकटवलं.

मी आता मोहोळच्या एका कॉलेजात शिकवते. माझ्याही प्रयोगशाळेच्या दाराशी थर्मामीटर आहे आणि मुलं मला त्यावरून नावं ठेवतात, हे मला ठाऊक आहे. मी वह्या वाचून सही करते. वेळ लागतो, शनिवार जातो. या बाईंनी माझी चूक माझ्याकडून लिहून घेतली, आणि तिच्या शेजारी स्वतःची लिहिली. मला कुणी याहून मोठं काही दिलेलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्यांच्या बहिणीचा फोन आला, "अक्काला बरं न्हाय, तुमी येऊन जावा." त्यानंतर दहा-बारा दिवसांत मॅडम गेल्या. पण मला सांगायची आहे ती त्या फोननंतरची दुपार.

मी सोलापूरला पोचले तेव्हा त्या खिडकीजवळच्या कॉटवर पडून होत्या. फार बारीक झाल्या होत्या. विभूतीची रेघ तेवढी पूर्वीइतकीच ठसठशीत. डोळे मिटलेले. मी जवळ बसले आणि कपाळावर हात ठेवला.

"ताप आहे, मॅडम," मी म्हणाले.

डोळे न उघडता त्यांनी विचारलं, "किती?"

उशाशी वाटीत थर्मामीटर होता, जुना, पाऱ्याचा. मी तो झटकला, त्यांच्या काखेत ठेवला आणि मनगटावरच्या घड्याळात बघत बसले. बहीण म्हणाली, झालं असंल की. मी आणखी थांबले. मग काढला, उजेडाकडे धरून वाचला आणि सांगितलं, "एकशे एक पूर्णांक दोन दशांश."

"लिव्ह की."

कॉटच्या खाली वही होती. औषधांच्या वेळा, तापाचे आकडे, सगळं बहिणीच्या अक्षरात, आणि प्रत्येक ओळीपुढे मॅडमची थरथरती सही. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, आकडा लिहिला, आणि वही त्यांच्यापुढे धरून पेन बोटांत दिलं.

त्यांनी सही केली नाही. पेन छातीवर ठेवलं आणि रिकामा हात माझ्यासमोर पसरला. मला क्षणभर कळलं नाही. मग मी थर्मामीटर त्या हातात ठेवला. त्यांनी तो खिडकीकडे वळवला, हळूहळू फिरवत पाऱ्याची रेघ सापडेपर्यंत बघत राहिल्या, आणि मग सही केली.